पूर्वमालक: कप्तान

धाकट्या जावयाला घड्याळ घ्यायचं होतं. किती वाजले हे बघण्याशी या इच्छेचा काडीचा संबंध नव्हता. ते काम त्याच्या मनगटावरचं वडिलांचं जुनं घड्याळ बिनबोभाट करत होतं. सकाळी किल्ली दिली की दिवसभर कुरकुर न करता चालायचं. अडचण नेमकी तीच होती. मुकाट्याने बरोबर चालणाऱ्याकडे कोण बघतो?

लोक बघत ते थोरल्या जावयाकडे. थोरले जावई म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, याचे साडू, धंद्याने गाद्यांचे व्यापारी. त्यांच्या हातावर परदेशी, पोलादी, चांगलं पाव किलोचं वाटावं असं घड्याळ होतं. सासरी पंगतीला बसले की ते आधी बाही मागे सारत आणि मग पोळीला हात घालत. सासूबाई वाढायला सुरुवात त्यांच्यापासून करत. धाकट्याच्या पानापर्यंत येईतो भाजीतला रस्सा तेवढा उरलेला असे. सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, या वेळी तरी हात मांडीखाली घेऊन बसू नका."

नव्या घड्याळाची किंमत ऐकूनच घाम फुटला होता. तेव्हा तो जुन्या किमती वस्तूंच्या दुकानात गेला. दाराशी पहारेकरी, आत हुडहुडी भरेल असा गारवा, आणि काचेखाली मखमली उशांवर घड्याळं आणि हार पहुडलेले. इतकी मऊ उशी त्याच्या घरात एकाच्याही डोक्याखाली नव्हती. कोट घातलेला एक तरुण पुढे आला. त्याला विक्रेता म्हटलेलं खपत नसे. तो सल्लागार होता.

"सेकंडहँड घड्याळं दाखवा."

मयताच्या घरी कुणी शीळ घालावी तसा सल्लागाराचा चेहरा झाला. "सर, आमच्याकडे सेकंडहँड काही नसतं. पूर्वमालकीचं असतं."

"फरक काय?"

"सेकंडहँड स्वस्त असतं."

काचेखाली दोन अगदी सारखी घड्याळं शेजारी शेजारी होती. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. आणि जे महाग त्याच्याच कडेवर चांगला बोटभर ओरखडा.

"घड्याळ तेच आहे, सर. मालक वेगळे," सल्लागाराने समजावलं. "ते दंतवैद्यांचं. हे उद्योगपतींचं. ओरखड्याची नोंद आहे बघा." त्याने जाड कागदाचं प्रमाणपत्र पुढे धरलं. ऐतिहासिक करारावर स्वाक्षरी करतेवेळी संगमरवरी टेबलाच्या कडेस घर्षण होऊन सदर ओरखडा प्राप्त झाला, असं त्यात लिहिलं होतं.

"आणि माझ्या हातून एखादा पडला तर?"

"ते नुकसान, सर. किंमत उतरते. उद्योगपतींचा ओरखडा हा वारसा. तुमचा म्हणजे..." सल्लागार सुसंस्कृत होता, त्याने वाक्य सोडून दिलं.

धाकट्याला हे लगेच पटलं. तो परवाना खात्यात नोकरीला होता. साहेब जागेवर नसले तर त्याला दौरा म्हणतात आणि आपण नसलो तर गैरहजेरी, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

उद्योगपतींचं घ्यायला पैसे कमी पडले. सल्लागाराची नजर त्याच्या मनगटावर गेली. "हे बदल्यात चालेल. आधीचे मालक कोण?"

"माझे वडील. गेले आता."

"करायचे काय?"

"नदीच्या धक्क्यावर होते. नावेची तिकिटं फाडायचे."

"म्हणजे जलवाहतूक," सल्लागार लिहीत म्हणाला.

"खिडकीत बसायचे हो."

"किनाऱ्यावरून नियंत्रण. आणि काचेवरचा हा ओरखडा?"

"खिडकीला लोखंडी जाळी होती. पैसे घ्यायला हात बाहेर, तिकीट द्यायला हात बाहेर. जन्मभर घासून घासून पडला."

"लोखंडाशी प्रदीर्घ संघर्ष. पोहण्यात तरबेज असतील?"

"छे. पाण्याला घाबरायचे."

"ते लिहायची गरज नाही," सल्लागार म्हणाला, आणि त्याने वडिलांचं घड्याळ एका मखमली उशीवर ठेवलं. आयुष्यभर लाकडी स्टुलावर बसलेल्या माणसाच्या घड्याळाला उशी मिळाली, याचं धाकट्याला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

घरी आईने पाण्याचा पेला पुढे करतानाच विचारलं, "ह्यांचं घड्याळ कुठंय रे?"

"दुरुस्तीला दिलंय."

"त्याला काय झालं होतं?"

धाकट्याला अचानक कपडे बदलायची घाई झाली.

नव्या घड्याळाला किल्ली नव्हती. हात हलत राहिला तर ते चालायचं, हात थांबला की थांबायचं. परवाना खात्यात हात हलवण्याची पद्धत नव्हती. पहिल्याच दिवशी दुपारच्या आत घड्याळाने मान टाकली. धाकटा बसल्या जागी हात झटकू लागला. समोरच्या एका अर्जदाराला वाटलं आपल्याला हाकलताहेत, तो निघून गेला. दुसऱ्याला वाटलं बोलावताहेत, तो पाकीट घेऊन जवळ आला. शेवटी धाकट्याला शिक्का सापडला. शिक्का उचलून आपटला की घड्याळ उत्तम चालतं, हे लक्षात आल्यावर तो समोर येईल त्या फायलीवर शिक्का मारत सुटला.

परवाने मिळू लागले. लोक घाबरले. काहींनी आलेला परवाना खोटा असणार म्हणून परत आणून दिला. टेबलामागचा फायलींचा ढीग उतरत गेला आणि एक दिवस त्याच्यामागे खिडकी निघाली. तिथे खिडकी आहे हे इमारतीच्या नकाशाखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात नोटीस आली. 'आपल्या टेबलावरील प्रकरणे कोणतेही स्मरणपत्र, शिफारस अथवा दबाव नसताना निकाली निघत असल्याचे निदर्शनास आले आहे. यात आपला कोणता हितसंबंध गुंतला आहे, याचा लेखी खुलासा करावा.'

धाकट्याने खरं तेच लिहिलं: घड्याळ चालू राहावे म्हणून.

साहेबांनी बोलावून घेतलं. घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं. "कुणाचं हे?"

"उद्योगपतींचं होतं, साहेब."

साहेबांचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला. "अहो, मग आधी सांगायचं नाही का? बसा." नोटीस फाइल झाली, धाकटा जिथे एकही कागद पोहोचत नाही अशा मानाच्या टेबलावर गेला, आणि घड्याळ हलतं राहावं म्हणून ते कार्यालयीन वेळेत शिपायाच्या हातावर बांधावं असा तोंडी आदेश निघाला. अख्ख्या खात्यात चालता हात तेवढा त्याचाच होता. तर दिवसभर घड्याळ शिपाई घालायचा, आणि सुटताना तो ते मालकाला उतरवून द्यायचा. कधीकधी विसरायचा.

वाढदिवसाच्या दिवशी मात्र धाकट्याने ते दुपारीच ताब्यात घेतलं. आईलाही बरोबर नेलं. पानं मांडली, सगळे बसले. धाकट्याने बाही मागे सारली. समोर साडूंनीही सारली. साडूंच्या मनगटावर ते पोलादी धूड नव्हतं. लहानसं, पिवळट तबकडीचं, जुनाट घड्याळ होतं.

"पोलादी काय, हल्ली कुणीही बांधतं," साडू सासऱ्यांना सांगत होते. "हे बघा. दर्यावर्दी कप्तानांचं आहे. कागद आहे माझ्याकडे. तुफानात सुकाणूशी झुंजताना हा ओरखडा पडला."

आईने हातातला घास पानात ठेवला आणि वाकून नीट बघितलं. "जाळीचा आहे तो," ती म्हणाली.

तिचं कुणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "आणि धाकटे, तुमचं?"

"उद्योगपतींचं. मोठ्या करारावर सही करताना..." धाकट्याने ओरखडा वर केला. साडूंना जोराचा ठसका लागला.

हात धुवायचं निमित्त करून दोघे एकदमच उठले. साडूंनी बेसिनचा नळ सोडला.

"शटरचा आहे तो," साडू नळाकडे बघत म्हणाले. "गोदामाचं शटर ओढताना पडला."

"मग विकलंत कशाला?"

"दिवसभर गादीवर बसतो मी. हात हलत नाही. सारखं बंद पडायचं." आवाज उतरवून ते म्हणाले, "आणि यंदा गाद्या गेल्या नाहीत. हिला सांगू नका."

"तुमच्या हातावर आहे ते माझ्या वडिलांचं."

"कप्तान?"

"तिकिटं फाडायचे."

साडूंनी नळ बंद केला. "मग इथल्या इथे बदलून टाकू," धाकटा म्हणाला.

"असं कसं? मी कप्तानाचे पैसे मोजलेत. तिकिटवाल्याचं म्हणून परत देऊ?"

"मी तरी उद्योगपतीचेच मोजलेत. गादीवाल्याचे नाही."

हे दोघांनाही एकदमच लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तक्रार करायची असं ठरलं. पण त्याआधी एक गोष्ट होऊन गेली होती. धाकट्याची बायको टॉवेल घेऊन मागे उभी होती. 'माझ्या वडिलांचं' आणि 'कप्तान' एवढं तिच्या कानावर पडलं होतं. पुढचं ऐकण्यासारखं नव्हतं म्हणून तिने ऐकलं नाही. दोघे पानावर परतले तोवर सगळ्या घराला कळलं होतं की धाकट्याचे वडील कप्तान होते आणि मोठ्या मनाचे म्हणून कधी बोलले नाहीत. सासूबाई गोडाचं पातेलं घेऊन आल्या त्या थेट धाकट्याच्या पानाशी. त्याने नको म्हणायला हात आडवा धरला, पण फार वेळ नाही.

सल्लागाराने दोघांना सोफ्यावर बसवलं. तक्रार ऐकून तो जराही डगमगला नाही.

"जरूर करा तक्रार. आम्ही चौकशी करू. कप्तान तिकिटवाले निघाले तर किंमत त्याप्रमाणे उतरेल, फरक यांना परत देऊ, आणि सर, तुम्ही वडिलांचं घड्याळ परवडेल अशा भावात घरी न्याल. दुपारपर्यंत होतं सगळं."

"बरं मग," धाकटा म्हणाला.

"फक्त एक पद्धत आहे. वस्तू ज्यांना ज्यांना दाखवली, त्यांना दुरुस्तीपत्र जातं. सासरी एक. तुमच्या साहेबांना एक. तुमच्या इमारतीत, बाईसाहेबांनी सकाळी कुठवर सांगितलंय त्यावर." मग तो साडूंकडे वळला. "आणि उद्योगपतींचंही दुरुस्त करावं लागेल. गाद्या, असं लिहू ना?"

साडू छताकडे बघू लागले.

धाकट्यासमोर अर्ज होता, त्यावर पेन होतं. एक सही केली की वडिलांचं घड्याळ संध्याकाळी आईच्या हातात पडलं असतं. त्याला जाळीतून आत-बाहेर होणारा तो हात आठवला. मग पातेलं आठवलं. सासूबाई थेट त्याच्यापाशी आल्या होत्या.

'माझी तक्रार नाही,' असं त्याने लिहिलं.

"उत्तम," सल्लागार म्हणाला. "जाता जाता एक विनंती. मातोश्री हयात आहेत ना? या प्रमाणपत्रावर कप्तानांच्या पत्नी म्हणून त्यांची सही मिळाली, तर घड्याळाचा दर्जा आणखी वाढेल."

आई खिडकीपाशी वाटाणे सोलत बसली होती. तिने चष्मा लावला आणि प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. तुफान, सुकाणू, ओरखडा, सगळं.

"कोण रे हे?"

"बाबा."

"एकदा ह्यांना नावेत बसवलं होतं. पैलतीर येईपर्यंत डोळे मिटून माझा हात धरून बसले होते. पैलतीरी उतरून म्हणाले, रोज एवढ्या माणसांना तिकीट देतो, त्यातलं एकही माणूस घाबरत नाही, कमाल आहे." ती हसली. मग कागद घडी घालून तिने त्याच्या हातात दिला. "मी त्या माणसाची बायको. ह्या कप्तानाला मी ओळखत नाही. त्याच्या बायकोची सही आण जा."

"आई, नुसती एक सही..."

"दुरुस्तीला दिलंय म्हणालास तेव्हाच मला कळेना, चालत्या घड्याळाची दुरुस्ती कसली? आता कळलं. घड्याळ नाही रे, तू ह्यांनाच दुरुस्तीला टाकून आलास." ती पुन्हा वाटाणे सोलू लागली.

धाकटा कागद घेऊन वळला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने डाव्या हाताने आईची सही केली. डाव्याच हाताला घड्याळ होतं, त्यामुळे तेवढ्यात तेही चालू झालं.

दुकानाचा धंदा हल्ली वाढला आहे. घड्याळ नसलं तरी आत घेतात. बाहेर नवी पाटी लागली आहे: 'आपले वडील कोण होते हे अद्याप ठरले नसल्यास आत यावे.' रांग कोपऱ्यापर्यंत जाते. मागून कुणी रेटलं तर रागावू नका, त्याच्याही वडिलांना संध्याकाळच्या आत सर्जन व्हायचं असतं. तुमचा नंबर आला की ओरखडा कशाचा म्हणून विचारतील. बेलाशक खरं सांगा. तुम्हाला ते अजून आठवत असेल, तर रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या कुणापेक्षाही तुम्ही जास्त प्रामाणिक आहात. फक्त सल्लागार लिहून काय घेतो, तिकडे बघू नका. तसंही तुम्ही बघणार नाहीच.