मागचं आहे तसं राहू दे

पुढचं

गाड्यांमधलं मला कळतं! लिफ्टच्या कंपनीत बसून अडकलेल्या लोकांना दिवसभर फोनवर "घाबरू नका, माणूस निघालाय" एवढंच सांगायचं माझं काम आहे, हे खरं. पण गाड्यांमधलं कळतं. बायकोला विचारू नका.

बाबा गेले आणि त्यांचा ट्रक राहिला. छोटा, गोल खांद्यांचा, मागे उघडा हौदा असलेला. बाबा त्यातून काचा वाहायचे. खिडक्यांच्या, दुकानांच्या, कपाटांच्या आरशांच्या. आयुष्यभर काचा वाहणारा माणूस गाडी कशी चालवेल? बाबांच्या मागून गोगलगाय आली असती तर तिनंही हॉर्न वाजवला असता!

संध्याकाळी शेवटची काच पोचवून बाबा घरी येत, चहा पीत, आणि मग आई-बाबा त्याच ट्रकमधून पुलापर्यंत चक्कर मारून येत. ते गेल्यापासून आई ट्रकमध्ये बसली नव्हती. दाराशी उभ्या असलेल्या ट्रककडे ती बघायचीसुद्धा नाही. संध्याकाळी खिडकीत उभी राहायची आणि बघायची ती रस्त्याच्या वळणाकडे.

"आई, वळणावर काय आहे?"

"काही नाही रे. कुठं काय."

मी ठरवलं, आईला पुन्हा त्या ट्रकमध्ये बसवायचं. पुलापर्यंत न्यायचं.

दुसऱ्या एखाद्यानं ट्रक धुतला असता. मी त्यात चारशे घोड्यांच्या ताकदीचं इंजिन टाकलं आणि अख्खी गाडी खाली बसवायला घेतली! खाली अशासाठी, की आईला गुडघे न वाकवता आत शिरता यावं. चारशे घोडे कशासाठी, ते मला अजून सांगता येत नाही. रस्त्यात कुणी विचारलं तर मी बॉनेट पुसायला लागतो.

इंजिन बसलं. पुढची बाजू बसली. राहिलं ते मागचं.

मधलं

मागे बाबांच्या वेळचे पाटे होते. पोलादाच्या लांब, वाकड्या पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या. गाडीचं ओझं त्यांच्यावर. काचांचं ओझं त्यांनी निमूट सोसलं होतं. पण चारशे घोडे? मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला रे दाबला, की पाटे पिळवटून निघायचे आणि मागची चाकं रस्त्यावर धडाधड आपटायची. घराबाहेर अडकलेला नवरा दार ठोठावतो ना, तशी!

म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बैठक भरली. एका बाजूला माझा मेव्हणा. हा माणूस फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघून इतका शहाणा झालाय, की त्याला सायकल घ्यायची गरज पडलेली नाही. दुसऱ्या बाजूला डॉक्टर. म्हणजे आमचा मेकॅनिक. गाडीला कान लावून "जीभ दाखव" म्हणतो म्हणून सगळा मोहल्ला त्याला डॉक्टर म्हणतो. त्याचं खरं नाव बहुधा त्यालाही आठवत नसावं.

"कॉइल स्प्रिंग!" मेव्हण्यानं टेबलावर चमचे मांडले. "हे चार चमचे म्हणजे चार दांडे. दांडे चाकांची धुरा जागेवर धरणार, स्प्रिंगा ओझं उचलणार. विषय संपला, भाऊजी!"

"चमचे उचल. फुगे टाकायचे," डॉक्टर म्हणाला.

"फुगे? वाढदिवस आहे का गाडीचा?"

"हवेचे! जाड रबराचे. पाटे काढायचे आणि त्या जागी फुगे. बटण दाबलं, हवा सुटली, गाडी जमिनीला टेकली. आईसाहेब बसल्या. बटण दाबलं, हवा भरली, गाडी उठली. लिफ्टच समजा!"

लिफ्ट म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा यायला हवा होता. पण मला ते फार सुंदर वाटलं. आईसमोर गुडघे टेकणारा ट्रक!

"आणि पाटेच ठेवले, वर एखादा दांडा लावून पीळ आवरला, तर?" मी आपलं विचारलं.

दोघं माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना बैलगाडी सुचवली होती.

तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली. मांडलेल्या चमच्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

"मागचं आहे तसं राहू दे रे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं! बाबा गेल्यापासून आई त्यांच्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती, आणि आज एवढं मोठं बोलली. म्हणजे, गेलेले दिवस उकरू नकोस, झालं ते झालं. मेव्हण्यानं फोन पालथा ठेवला. डॉक्टरनं ग्रीसच्या फडक्यानं डोळे पुसले आणि काळा होऊन बसला.

"बघ," तो म्हणाला, "एवढ्या मनाची बाई. तिच्यासाठी तरी फुगेच टाकायला हवेत."

टाकले!

रविवारी सकाळी ट्रक दाराशी आणला. बटण दाबलं. फुस्स करून गाडी टेकली. आई घराच्या उंबऱ्यावरून उतरावं तशी सहज आत जाऊन बसली.

"किती खाली आलाय गं बाई हा."

"तुझ्यासाठी!"

बटण दाबलं, गाडी उठली आणि आम्ही निघालो. काय ती चाल! जणू रस्त्यावर कुणी दुलई पसरलीय. मी आईकडे बघितलं. ती मान वळवून मागच्या काचेतून बघत होती.

"काय झालं?"

"काही वाजत नाही रे."

"वाजणारच नाही! त्यातच तर सगळी कमाल आहे!"

आईनं मान पुढं केली. हात मांडीवर घेतले. लग्नात चुकीच्या पंगतीला बसलेला माणूस बसतो, तशी बसून राहिली. मला ते कळायला हवं होतं. पण माझं लक्ष पुलाच्या अलीकडल्या गतिरोधकाकडे होतं.

पुढची चाकं गेली. मागून आवाज आला, फाट्! आणि मग लांबलचक, फुर्रर्रर्र. फुगा फुटला होता. अंड्यावर कोंबडी बसावी तसा आमचा ट्रक गतिरोधकावर बसला! मी चारशे घोडे सोडले. चाकं आतल्या पत्र्याला घासून किंचाळली, धूर झाला, गाडी तसूभर हलली नाही. गतिरोधक वाचवायला म्हणून गाडी फूटपाथला खेटून घेतली होती, तर आईच्या बाजूचं दार फूटपाथच्या कडेखाली अडकलं. माझ्या बाजूनं उतरायचं तर मधला गिअरचा दांडा ओलांडायला हवा, आणि ते आईच्या गुडघ्यांना जमेना.

"घाबरू नकोस," मी म्हणालो, "माणूस निघालाय."

"मी कुठं घाबरलेय? तूच घामाघूम झालायस."

डॉक्टरला फोन केला, तो धावत आला. मेव्हण्याला घरी फोन करून सगळं सांगितलं. तो निघणार, इतक्यात माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई शेजारच्या गावात राहते. आमच्या मेकॅनिकला डॉक्टर म्हणतात, हे तिला ठाऊक नाही. मेव्हणा तिच्याशी काय बोलला, ते माझ्या बायकोनं शेजारी उभं राहून ऐकलं आणि मला शब्दन्‌शब्द सांगितलं:

"हां, ताई, बोला. ... आई? आई पुलाजवळ बसल्यात. ... नाही हो, हलता येत नाही त्यांना. ... काय सांगू, चांगलं चाललं होतं, एकदम हवाच गेली! ... डॉक्टर आलेत ना. ... डॉक्टर म्हणाले, मागचं सगळं गेलं, आता यात काही राम नाही. ... मोठा आवाज झाला म्हणे, मग सगळं शांत. ... नाही, आता काय, उचलायचंच. चार माणसं तरी लागतील. मी निघालोच आहे. ... अहो रडताय काय? एवढं जुनं झालेलं, कधीतरी बसणारच होतं!"

इकडे पुलाजवळ गर्दी जमली. कुणीतरी खिडकीतून आईला बिस्किटं दिली. ती दोघा-तिघांना "तुम्ही कुठं राहता?" विचारत होती. ताईनं कळवलं म्हणून नातेवाइकांत सगळ्यात आधी पोचले मामा! स्वतःच्या मुलीच्या लग्नात उशिरा आलेला माणूस, शर्टाची बटणं वरखाली लावून धापा टाकत आला. पाठोपाठ टॅक्सीतून ताई आणि ताईचे यजमान. ताईच्या रडण्याचा आवाज टॅक्सीच्या आधी पोचला.

"आई गंऽऽ!"

आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आलीस? अशी रडतेस काय? काही खाऊन निघालीस की नाही?"

ताई थांबली. आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग तिनं पर्सनं मला मारायला सुरुवात केली. पर्समध्ये पाण्याची स्टीलची बाटली होती.

तरी मेव्हणा एका बाबतीत अचूक ठरला: उचलायला चार माणसं लागली. मामा, ताईचे यजमान, डॉक्टर आणि मेव्हणा यांनी मागून गाडी उचलली, मी पुढून ढकलून ती फूटपाथपासून बाजूला घेतली, आणि आई खाली उतरली.

"तू तरी याला सांगायचंस ना गं!" ताई अजून मुसमुसत होती.

"सांगितलं होतं की! मागचं आहे तसं राहू दे म्हटलं. मी म्हटलं, याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणजे याला कळलं."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मेव्हण्याकडे. मेव्हण्यानं आभाळाकडे.

गाड्यांच्या त्या अख्ख्या बैठकीत मुद्द्याचं बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते पाणी पिऊन निघून गेलं होतं.

"त्यातला एक पाटा वाजायचा," आई म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "गाडी वळली की कुईंऽऽ करायचा. आणि खड्ड्यात धप्प. ते ऐकलं की मी चहा टाकायची. हे दारात येईपर्यंत चहा तयार. या डॉक्टरनं कितीदा तेल घालतो म्हटलं, पण हे घालू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तेल घातलं तर तिला कळणार कसं?"

ताईनं पर्स खाली केली.

मागचं

पाटे डॉक्टरकडेच होते. त्यांच्यावर फळी टाकून त्यानं गॅरेजसमोर बाकडं केलं होतं. त्यावर दोन गिऱ्हाइकं पेपर वाचत बसली होती, त्यांना उठवलं.

"भाऊजी, पुन्हा विचार करा," मेव्हणा म्हणाला. "चारशे घोडे आणि हे पाटे? गाडी बेडकासारखी उड्या मारेल!"

"मारू दे."

"निदान पट्ट्यांमध्ये तेल तरी..."

"हात लावलास तर बघ!" हे मी आणि डॉक्टर एकदम ओरडलो.

पाटे बसले त्याच संध्याकाळी मी ट्रक घेऊन घराकडे निघालो. वळण आलं. चाक वळवलं.

कुईंऽऽ.

मग तो खड्डा. धप्प.

खिडकीतली आई दिसेनाशी झाली. आतून भांड्याचा आवाज आला. मी दाराशी पोचतोय तोवर ती दोन कप घेऊन बाहेर आली. केस नीट केलेले. पायऱ्या ती भरभर उतरली, गुडघ्यांची आठवण न ठेवता. ट्रकच्या खिडकीशी आली आणि आत बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "तू होय!"

क्षणभर कप तिच्या हातातच राहिला. मग तिनं तो मला दिला. मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. बाबा बिनसाखरेचा प्यायचे.

चहा झाल्यावर ती आपण होऊन शेजारी येऊन बसली आणि आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती किंचित मान हलवत होती.

आता रोज हेच चालतं. शहरातला सगळ्यात ताकदवान ट्रक मी वळणापासून दारापर्यंत असा आणतो, की जणू मागे काचा भरल्यात. मेव्हणा म्हणतो, काठी टेकत फिरणारे म्हातारेसुद्धा तुम्हाला मागे टाकून जातात. जाऊ देत. वळणापासून दारापर्यंत ट्रकमध्ये मी नसतो. तेवढं अंतर जरा लांबवता आलं तर बघतो, इतकंच.

साखर मागायची मात्र अजून हिंमत झालेली नाही.