रंगोपंत निसळ यांनी आपले मापाची सायकल उभी केली त्याची हकीकत

श्रीगजाननास व शारदेस दंडवत घालोन, जैसे कानी आले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, चैत्रमासी सरकारांचे मनात आले की जमीनमोजणीचे दफ्तर गावातून उठवोन नदीपार टेकाडावर, तीन कोसांवर न्यावे. हुकूम सुटला आणि दफ्तर गेले. त्या दफ्तरी रंगोपंत निसळ म्हणोन कारकून होते. अक्षर वळणदार, स्वभाव गरीब, परंतु बाळपणी ताप येऊन डावा पाय उजव्याहून चार बोटे आखूड राहिला होता. दफ्तर गावात होते तोवर लंगडत का होईना, वेळेवर पोहोचत. आता नदीपार जाणारी मोटार लहरीने येई, आणि रिक्षा करावी तर निम्मा पगार तिचेच पोटात जाई. मग पंतांस नित्य उशीर होऊ लागला. वरिष्ठांनी बोलावून सांगितले, "पंत, तुमचे पायाचे दुःख आम्ही जाणतो, हजेरीचे यंत्र जाणत नाही. श्रावणापासोन उशीर जाहला तर चाकरी राहणार नाही." पंत मान खाली घालोन निघाले.

मग दुकानोदुकानी सायकली पाहिल्या, परंतु डावा पाय पेडलास पोहोचेना आणि सीट खाली घ्यावी तर उजवा गुडघा छातीस लागे. अखेर दाऊद मिस्त्री यांजकडे गेले. मिस्त्री जाणते, त्यांनी सुतळीने दोन्ही पाय मापले आणि बोलिले, "पंत, तयार सायकल तुमची व्हायची नाही. एकेक भाग आणून तुमच्या मापाने बांधू. पंधरा हजारांत उभी करतो." पंतांस उमेद आली आणि त्यांनी होकार दिला. प्रथम फ्रेम आली, ती खाशी आली. मग चाके आली, ती फ्रेमीत बसेनात, म्हणोन दुसरी आणिली. त्या चाकांस जुनी चेन मानेना, चेन बदलिली तो गिअर रुसले, गिअर राजी जाहले तो ब्रेक रिमेस पोहोचेनात. डाव्या पेडलाचा दांडा आखूड पाहिजे, तो बाजारात कोठेच नाही, म्हणोन लेथवाल्याकडोन घडविला आणि पहिल्याच चढास मोडला. ऐसे होता होता ज्येष्ठ सरला, आषाढ अर्धा गेला, आणि एकतीस हजार रुपये त्या लोखंडात गडप जाहले. मिस्त्री लाजोन बोलिले, "मजुरी सोडली, पंत. पण अजून आठ हजारांचा माल लागतो."

पंतांची स्त्री वेणूबाई. त्या सायंकाळी पेटीवर मुलींस गाणे शिकवीत. पेटी त्यांचे गुरुजींनी हयातीत दिलेली, सूर गोड. पंत घरी येऊन बोलिले, "संपले. आता सोडून देतो." बाई बोलिल्या, "अहो, इतके घालून आता सोडता? चाकरी गेली तर खायचे काय? पेटी विका." पंत बोलिले, "आणि तुझे गाणे?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "गळा आहे ना माझा." मग पंतांनी पेटी रिक्षात ठेविली, बाजारात नेली आणि पेटीवाल्यास आठ हजारांस दिली. आषाढ वद्यात सायकल पुरी जाहली.

श्रावण शुद्ध प्रतिपदेस पंत स्वार जाहले. जन्मात प्रथमच दोन्ही पाय बरोबरीने फिरले. पूल ओलांडिला, टेकाड चढिले, आणि दफ्तराचे कुलूप निघण्याआधी दारी उभे राहिले. ते समयी पंतांचे डोळे भरोन आले. परंतु घरी पेटी नाही, म्हणोन मुली एकेक करोन येईनाशा जाहल्या. बाई काही दिवस नुसत्या गळ्याने गाइल्या, मग तेही राहिले. एके सायंकाळी पंत लवकर परतले तो काय पाहिले, बाई ओट्याशी उभ्या आहेत, कणीक तशीच पडली आहे, आणि बोटे ओट्याचे कडेवर सूर दाबीत आहेत. पंत पाऊल न वाजविता मागे फिरले.

दुसरे दिवशी रजा टाकोन सायकल बाजारात नेली. चाकरीचे जे होणे ते होवो, पेटी परत आणावी ऐसा निश्चय. गिऱ्हाईक बसे, दोन हात जाई आणि उतरे. एकाने स्पष्टच सांगितले, "काका, माल उत्तम आहे, पण ही तुमच्याच पायाची. दुसऱ्याला चालवता येत नाही. भंगारात दोन हजार देईन." मग पेटीवाल्याकडे गेले, तो म्हणाला, "ती तर महिन्यापूर्वीच परमुलुखी गेली. कुणी नेली, नाव लिहिले नाही." पंत बराच वेळ पायरीवर बसले आणि मग त्याच सायकलीवर बसोन घरी आले. बाईंनी विचारिले, "उशीर का झाला?" पंत बोलिले, "हवा भरत होतो."

तात्पर्य, सायकल उत्तम चालते आणि चाकरी शाबूत आहे. पंत दफ्तरी नित्य सर्वांआधी पोहोचतात आणि सर्वांमागोन निघतात. घरी दोघे जेवतात, भांडत नाहीत, बोलणेही बेताचे. लिहिणारास याहून पुढे लिहवले नाही, म्हणोन येथेच लेखणी ठेविली.