खैरनार साहेब आणि उन्हाळ्यातला ओढा

आमच्या माडीवर राहणाऱ्या खैरनार साहेबांना कधी वेळ विचारू नका. ते मनगटावरचं घड्याळ बघतील, चष्मा पुसून पुन्हा बघतील आणि म्हणतील, "साडेनऊ दिसतायत. वाजले असतीलच असं नाही."

हा माणूस माझा भाडेकरू. एकटा जीव, बायको गेलेली, मुलगी परदेशात. नोकरी कसली, तर खाण निघाली की आजूबाजूच्या शेतीचं आणि पाण्याचं काय होतं ते तपासून अहवाल लिहायचा. सगळा जन्म चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींपाशी गेला. हवा चांगली म्हणून म्हातारपणी मावळात आले. आता हवा चांगली आहे का, असं विचाराल तर तेही छातीठोक सांगायचे नाहीत.

आधी आम्हाला गंमत वाटायची. मग ती अंगाशी यायला लागली. पुतणीला बघायला देहूरोडची मंडळी आली, तेव्हा साहेब ओट्यावरच बसलेले. पाहुण्यांनी सहज विचारलं, मुलगी स्वभावानं कशी? साहेब म्हणाले, "शांत दिसते. असेलच असं नाही." पाहुण्यांच्या हातातला पोह्यांचा चमचा तिथंच थांबला. माझी बायको आठवडाभर साहेबांशी बोलली नाही. जेवणाचा डबा मात्र वर जात होता. लग्न शेवटी तिथंच जमलं, आणि पोरगी शांत नाही हे त्यांनाही यथावकाश कळलं.

दुसरा नाद विहिरींचा. विहीर दिसली की खिशातून दोरी निघालीच, तिला दगड बांधलेला. शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला नेलं, तर हे रांग सोडून शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत वाकलेले. मळेवाल्याला वाटलं, म्हातारा जीव देतोय. त्यानं मागून मिठी मारून ओढलं, दोघंही चिखलात. माझ्या विहिरीत मात्र मी त्यांना कधी दोरी सोडू दिली नाही. कशाला उगाच अपशकुन!

यंदा डोंगराखालची दगडाची खाण बरीच खोल गेली आणि तळाला पाणी लागलं. खाणवाला ते पंपानं उपसून ओढ्यात सोडायला लागला. ऐन उन्हाळ्यात ओढा खळाळतोय, असं आमच्या आबांनीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्या गावानं उन्हाळी भुईमूग केला. मीही केला. खाण वाढवायला ग्रामसभेची संमती हवी होती, आणि आम्ही द्यायला एका पायावर तयार. म्हटलं, घरात या विषयातला साहेब आहे, ते दोन शब्द बोलले की काम फत्ते.

साहेबांना ओढा दाखवायला नेलं. वाहतं पाणी बघून त्यांचा चेहराच पडला. ते तडक माझ्या विहिरीवर आले आणि मी नको म्हणायच्या आत दोरी सोडली. दगड खाली टेकला आणि कोरडाच वर आला.

"आरं, मागल्या साली ह्या दिसांत पानी व्हतं की हितं," माझा थोरला भाऊ म्हणाला.

ओढ्याच्या नादात विहिरीकडे कुणी फिरकलंच नव्हतं. मान वर करायची लाज वाटली मला.

"तुमचंच पाणी आहे ते," साहेब म्हणाले. "विहिरीतलं खाणीत झिरपतं, खाणीतलं ओढ्यात येतं. विहीर तर गेलीच, उपसा थांबला की ओढाही जाईल."

ग्रामसभेत साहेब उभे राहिले तेव्हा गाव हसायच्या तयारीत होतं. साहेबांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. चंद्रपूरकडच्या एका खोऱ्यातले मिरचीचे मळे विहिरींवर पिकायचे. कोळशाची खाण निघाली, नाला उन्हाळ्यात वाहायला लागला. लोकांनी तो आनंदानं दाखवला, साहेबांना शाल-नारळ दिला. आणि साहेबांनी अहवालात लिहिलं की खाणीमुळे सिंचनाला फायदाच होतोय. त्या जोरावर खाण दुप्पट झाली. आधी विहिरी आटल्या. मग उपसा दुसरीकडे वळला आणि नालाही आटला.

"विहिरीत डोकावायला हवं होतं. मी नाला बघून परत गेलो," ते म्हणाले आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पिशवी घेऊन दारात हजर. तळेगाव स्टेशनवर सोडाल का म्हणाले, चंद्रपूरकडे जायचं होतं. स्टेशनबाहेर चहा पिताना त्यांनी उरलेलं सांगितलं. त्या गावात सुमनबाई म्हणून एक शेतकरीण होती. तिचा मळा वाळल्यावर साहेब एकदा चूक कबूल करायला तिच्याकडे गेले होते. तिनं त्यांना ओळखलं, टँकरच्या पाण्याचा चहा केला आणि वर म्हणाली, "तुमी त आमच्या भल्याचंच लिहलं होतं जी. आमचंच नशीब खोटं." साहेब चहा पिऊन, चूक न सांगताच माघारी आले.

मी म्हटलं, "साहेब, आता सांगून तिची हीर भरनार हाय का?"

"नाही," ते म्हणाले. "पण ती अजून मला भला माणूस समजते."