ढब्बूंवरचे तीन पट्टे

"अजून दोन हात खणलं की पाणी," असं आड खणायला आलेला माणिकप्पा म्हणाला, त्याच दिवशी मी आडातून निघालेले पैसे ओळखायचं मनावर घेतलं. (नसतं घेतलं तर आज हे लिहीत बसलो नसतो, आंघोळ करत असतो.)

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि परसातल्या आमच्या आडाने तळ गाठला होता. तो खोल करताना तांब्याचे दहा ढब्बू पैसे निघाले. निजामाच्याही आधीचे, असं मी ठोकून दिलं आणि ताटलीत दोन ओळींत मांडून देवघरात ठेवले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ, भस्म, पूजा उरकून भिंग घेतलं. हिरवट गंज, मधे काळपटपणा. बोटं फिरवून पाहिली. तिसऱ्या सकाळी दोन्ही ओळींवरून तीन-तीन आडवे पट्टे गेलेले दिसले. एका पैशावरून दुसऱ्यावर, सलग, कपाळावरच्या भस्मासारखे.

"खाली कुणाची तरी समाधी हाय," माझी बायको महादेवी हळूच म्हणाली.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. समाधीतला तो साधू आता आडाच्या तळाशी मान वर करून बसलाय, असं मला वाटायला लागलं आणि मी परसात जायचं सोडलं. पट्टे दिवसेंदिवस ठळक होत गेले. पूजा झाली की मी ते चाचपायचो. गार लागायचे. माणिकप्पाने कुदळ ठेवून दिली. घरात दोन घागरी पाणी उरलं.

मधे ऑफिसच्या कामाने (मी कलेक्टर कचेरीत पाणीटंचाईच्या टेबलावर) दोन दिवस तालुक्याला गेलो. परतल्यावर सकाळी पूजेवरून उठलो, तर महादेवी ताटलीजवळ उभी.

"तुमी नव्हता तर पट्टे जरा बी वाढले न्हाईत."

"मलाच दर्शन देतोय तो," मी म्हणालो. (छाती जरा फुगलीच.)

तिने माझा हात धरून पैशांवर टेकवला. तिन्ही बोटं तिन्ही पट्ट्यांत नेमकी बसली. बोटांना ओलं भस्म तसंच होतं.

तिने लगेच माणिकप्पाला बोलावून सगळं सांगितलं. "आता उतर बाबा. साधू न्हाई, आमचे हे हाईत."

माणिकप्पाने आडात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कुदळ खांद्यावर टाकली.

"साधू असता तर हात जोडून उतरलो असतो, वैनी. पाणी बी दिलं असतं त्यानं. टंचाईवाल्या साहेबाचा हात लागलाय म्हणता, मग हितं कशाला मरू?"