बापूंपुढे पट्टा चालत नाही

आमच्या बापूंपुढे जायचं तर आधी कमरेचा पट्टा सोडावा लागतो. किल्ल्या, हातातलं कडं, जेवणाचा डबा, सगळं लांब ठेवायचं आणि विजार मुठीत धरून उभं राहायचं. "लोखंड लांब," एवढंच ते म्हणतात. "तिला सोसत न्हाई."

ती म्हणजे अँटेना. पेट्रोल पंपावरच्या मशीनच्या डोक्यावर वीतभर उंचीची एक दांडी असते. तिच्यामार्फत मशीन केबिनमधल्या कॉम्प्युटरशी बोलतं, आणि कॉम्प्युटरने हो म्हटल्याशिवाय पेट्रोलचा थेंब बाहेर पडत नाही. ह्या दांड्या बसवायच्या आणि त्यांचा सूर जुळवायचा, हे बापूंचं काम. माधवनगरहून स्कूटरवर निघतात ते पार खंडाळ्यापर्यंतचे पंप बोलके करून येतात. दांडी जराशी फिरवतात, कान लावतात, "ऐकू येतंय का, बाई?" असं विचारतात आणि उत्तर आल्यासारखी मान हलवतात. कॉम्प्युटरचा पडदा त्यानंतर बघतात.

फौजेतून परत आल्यावर मी होती नव्हती ती पुंजी घालून मेढ्याच्या रस्त्याला पंप टाकला. उद्घाटन दसऱ्याला. आदल्या संध्याकाळी बापूंनी तिन्ही मशीनं बोलती करून ठेवली. सकाळी पूजाही त्यांनीच केली, कारण दुसऱ्या कुणी अँटेनाला हात लावलेला त्यांना खपत नाही. प्रत्येक दांडीला झेंडूचा हार घातला. मी नारळ फोडला, सासऱ्यांची जीप पहिल्या मशीनला लागली, आणि मशीन ढिम्म. दुसरं ढिम्म. तिसरंही.

मागे हार घातलेले ट्रॅक्टर आणि मोटारसायकली खोळंबल्या होत्या. "पंप अपशकुनी दिसतोय गड्या," कुणीतरी पुटपुटलं. हे एकदा गावोगाव झालं असतं, तर लोक साताऱ्यातच टाकी भरून आले असते आणि मी इथे माशा मारत बसलो असतो.

"पट्टं काढा," बापूंनी हुकूम सोडला.

सासरे, कंपनीचे साहेब, हलगीवाला, सगळे विजारी धरून ओळीत उभे राहिले. हलगीवाल्याची फार पंचाईत झाली, कारण त्याला वाजवायला दोन्ही हात लागतात. बापूंनी दांड्या फिरवल्या, विनवल्या, रागावूनही पाहिलं. एकही बोलेना.

माझी आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. "आवं बापू," ती म्हणाली, "समद्यांचं पट्टं सोडलंत. तिच्या गळ्यातलं तेवढं चाचपून बघा की."

बापूंनी हाराला हात लावला. झेंडू बारीक तारेत ओवले होते, आणि तीच तार वेढे देऊन दांडीला पिळली होती. बापूंचा चेहरा उतरला. त्यांनी हार काढला, दांडी दोन बोटांनी हलकेच फिरवली, आणि केबिनमधून माझी बायको ओरडली, "हिरवा दिवा लागला!"

मग काय विचारता. दुसरी बोलली, तिसरी बोलली. जीपच्या टाकीत पेट्रोल पडू लागलं, हलगी कडाडली, ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न दाबून धरले आणि सासऱ्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. विजारीचं व्हायचं ते झालं, पण टाळ्या काही त्यांनी थांबवल्या नाहीत.

गर्दी ओसरल्यावर मी बापूंना छेडलं. "नियम तुमचा, अन् तारबी तुमचीच व्हय?"

"दर साली दसऱ्याचं हार आमची कारभारीण करायची," ते म्हणाले. "दोऱ्यात. तिला म्हाईत हुतं, कवा सांगावं लागलं न्हाई. औंदा ती न्हाई, म्हून बाजारातनं आणलं. मला वाटलं, हार म्हंजे हार."

मी एक खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

आईने उरलेले झेंडू पुढ्यात ओढले आणि सुईत दोरा ओवला. "बसा हितं. देते करून."

"करून नगा," बापू म्हणाले आणि त्यांनी सुई तिच्या हातातून घेतली. "शिकवा. फुडच्या दसऱ्याला यायचंय मला."

सुई लोखंडाची होती. बापूंनी ती लांब ठेवली नाही.