राज्याचे तेरा जुळे

"रोषणाई काय, कोणीही करतं! गरबा काय, बडोद्याचा माणूस बस चुकली तरी गरबा करतो!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये दीनानाथराव टेंब्यांनी टेबलावर मूठ आपटली. "यंदा एक मेला आपण असं काही करू, की उभ्या बडोद्यानं आपल्या या अकोटा भागाकडे मान वळवून बघावं!"

मूठ टेबलावरच्या सेव-उसळीच्या वाटीशेजारी पडल्यामुळे रस्सा अध्यक्ष किरीटभाईंच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. पण किरीटभाई शांत माणूस. त्यांनी रुमालानं शर्ट पुसत विचारलं, "पण करणार शुं, टेंबेसाहेब?"

"राज्याला पासष्ट वर्षं होतायत. आपण राज्याच्या जुळ्या भावाचा सत्कार करणार!"

दीनानाथरावांनी मग शेजारच्या खुर्चीवरच्या उदयसिंहराव मोहित्यांना दंड धरून उभं केलं. पणजोबा संस्थानच्या फौजेत, आणि स्वतः उदयसिंहराव एका कारखान्याच्या फाटकावर पस्तीस वर्षं सुरक्षा अधिकारी. मिशा अशा, की वर कबुतर बसलं तरी हलू नयेत!

"जन्मतारीख एक मे एकोणीसशे साठ! ज्या दिवशी गुजरात जन्मलं, त्याच दिवशी हे! आणि पुरावा बघा!" दीनानाथरावांनी प्राथमिक शाळेचा एक पिवळा पडलेला दाखला फडकवला. "हे अक्षर कुणाचं? माझ्या वडिलांचं! माधवराव टेंबे मास्तर. लहरीपुऱ्यामागच्या शाळेत सव्वीस वर्षं नोंदी त्यांनीच केल्या. माझ्या वडिलांनी आयुष्यात एक वेलांटी चुकवली नाही, तारीख काय चुकवतील!"

घरी आल्यावर अहल्याबाईंनी, म्हणजे दीनानाथरावांच्या पत्नीनं, एकच शंका काढली. "अहो, त्या दिवशी महाराष्ट्रही जन्मला. मग उदयसिंहराव नक्की कुणाचे जुळे?"

"बडोद्यात जन्मले, म्हणजे गुजरातचे!"

"मग तिळे म्हणा," असं म्हणून त्या भाकरी थापायला गेल्या.

बेत झकास ठरला. सोसायटीच्या फाटकापासून मांडवापर्यंत उदयसिंहरावांना घोड्याच्या बग्गीतून आणायचं, पुढे बँड, वर पुष्पवृष्टी, मग शाल आणि लाल पगडी. एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसकट बातमीही आली. उदयसिंहरावांनी त्या दिवसापासून भाजी आणायला जाणं बंद केलं. राज्याचा भाऊ दुधी निवडत उभा राहिला तर बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सगळं इथवर सुरळीत होतं. पण दीनानाथरावांना कुतूहलाचा जुना आजार होता. सरकारी दप्तरखान्यात नोकरी झालेली. कुठलाही कागद दिसला की तो उलटून मागची बाजू बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. खंडेराव मार्केटमध्ये वांगी घेताना ते वांग्याचं गाव विचारायचे, मग गावाची नदी विचारायचे आणि मागचं गिऱ्हाईक ओरडल्यावरच हलायचे. त्यात किरीटभाई सहज बोलून गेले, "टेंबेसाहेब, बीजो कोई नीकळला तर? बाजूची सोसायटी दुसरा भाऊ घेऊन आली तर आपली काय इज्जत राहील?"

झालं! हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. बडोद्यात त्या तारखेचं आणखी कोण असेल बरं? असेल का? असलं तर करतं काय? अठ्ठावीस एप्रिलला दीनानाथरावांनी मोबाईल हातात घेतला आणि एका बोटानं, अर्धा तास खपून, निरोप टाईप केला : '१ मे १९६० रोजी जन्मलेल्या बडोदेकरांनी राज्याच्या वर्धापनदिनानिमित्त मूळ दाखल्यासह खालील पत्त्यावर तातडीने संपर्क साधावा.' खाली घरचा पत्ता. आणि हा निरोप त्यांनी हाताला लागतील तेवढ्या गटांवर पाठवला.

निरोपाला वाटेत पाय फुटले. सकाळी अकोट्यात तो जसाच्या तसा होता. दुपारी नदी ओलांडून जाईपर्यंत त्यात 'सरकारतर्फे' हा शब्द शिरला. संध्याकाळी लहरीपुऱ्यात पोचला तेव्हा त्या दिवशी जन्मलेल्यांना सरकार द्वारकेच्या यात्रेला नेणार, एसी बसनं, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं!

तीस तारखेला सकाळी आठला दारावरची बेल वाजली. दारात एक धिप्पाड गृहस्थ, एका हातात दाखला, दुसऱ्या हातात पिशवीभर गवार.

"मानसिंगराव. खंडेराव मार्केटात आपला भाजीचा गाळा आहे. बस किती वाजता सुटते?"

"कसली बस?"

"द्वारकेची! ही गवार घ्या, ताजी आहे. मला खिडकीजवळची सीट बघा जरा."

दीनानाथरावांनी दाखला हातात घेतला. १ मे १९६०! आणि अक्षर... अक्षर वडिलांचं! त्यांचा आनंद पोटात मावेना. "अगं अहल्या, चहा टाक! अजून एक सापडला! एकाच शाळेत राज्याचे दोन दोन जुळे, आहेस कुठे!"

चहा उकळतो न उकळतो तोच पुन्हा बेल. दोन भाऊ होते, प्रतापसिंहराव आणि विक्रमसिंह. दोघांचे दाखले एकाच तारखेचे.

"वा! तुम्ही तर खरेखुरे जुळे!" दीनानाथराव उडालेच.

"छे हो," प्रतापसिंहराव म्हणाले, "मी ह्याच्यापेक्षा दीड वर्षानं मोठा."

"दीड वर्षानं?"

"हो ना. पण शाळेत आमची नावं एकाच दिवशी घातली."

दीनानाथरावांनी कप खाली ठेवला. त्यांनी दोन्ही दाखले खिडकीशी नेऊन उजेडात धरले. तेच अक्षर. 'मे'ची तीच मात्रा, मागे झुकलेली, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखी. पुन्हा बेल वाजली.

बारा वाजेपर्यंत बैठकीच्या खोलीत उदयसिंहरावांसकट तेरा जण झाले होते! सोफ्यावर पाच, पलंगावर चार, बाकीचे झोपाळ्यावर. तेराव्या आल्या त्या कुसुमावतीबाई, खांद्याला प्रवासी बॅग आणि हातात थेपल्यांचा डबा. तेरा दाखले टेबलावर पत्त्यांसारखे मांडले होते आणि तेराही दाखल्यांवर एक मे एकोणीसशे साठ! उदयसिंहराव सोफ्याच्या एका कोपऱ्यात, मांडीवर आपल्या बातमीचं वर्तमानपत्र घेऊन, या गर्दीकडे असे बघत होते, की जणू कोणी त्यांच्या ताटातलं श्रीखंड तेरा वाट्यांत वाटायला काढलंय.

"एक शंका विचारू का?" दीनानाथराव म्हणाले. "आपापल्या जन्माबद्दल घरी काय सांगायचे?"

मानसिंगराव खुलले. "आमची आई सांगायची, तिळगूळ वाटता वाटता कळा सुरू झाल्या. पतंगाच्या मांज्यात सुईणीचा पाय अडकला, म्हणून तिला यायला उशीर झाला!"

"म्हणजे संक्रांत?"

"संक्रांतच!"

"माझी नागपंचमी," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "धो धो पाऊस. वडील छपराखाली पातेली लावत होते, तेवढ्यात मी झाले."

"मे महिन्यात नागपंचमी!" दीनानाथरावांनी खुर्चीचा आधार घेतला. "उदयसिंहराव, तुम्ही तरी..."

उदयसिंहरावांनी खूप वेळ मिशीला पीळ दिला. मग हळूच म्हणाले, "फटाके वाजत होते, असं आजी सांगायची. मला वाटायचं, राज्य झालं म्हणून वाजले. पण नंतर कळलं... लक्ष्मीपूजन होतं."

आतून अहल्याबाईंच्या हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी फुटल्याचा.

दीनानाथरावांना मात्र घाम फुटला होता. उद्या सत्कार. बातमी छापून आलेली, बग्गी ठरलेली. आणि ज्या अक्षरावर त्यांनी पैज मारली असती, त्या अक्षरानं तेरा वेळा खोटं लिहिलेलं! एक वेलांटी न चुकवणारा आपला बाप... का लिहिलं असेल त्यांनी असं? आळस? ते शक्य नाही. मग का? तारीख हवीच होती, तर एक जून होता की! निम्म्या हिंदुस्थानचे मास्तर एक जून लिहीत. मग एक मेच का? हा शेवटचा प्रश्न त्यांच्या तोंडून मोठ्यानंच निघाला.

"का, ते मला माहीत आहे," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "मी होते तिथे. आईचा पदर धरून उभी होते. मास्तरांनी तारीख विचारली. आई म्हणाली, नागपंचमी होती एवढं ठाऊक आहे, साल नाही ठाऊक, घाला काहीही. मास्तरांनी टाक खाली ठेवला. मग आईला विचारलं, घरी वाढदिवस करता का? आई हसली. सात पोरं घरात, कसला वाढदिवस! तर मास्तर म्हणाले, मग एक मे लिहितो. त्या दिवशी सरकार दिवे लावतं, बँड वाजवतं. पोरीला वाटेल, आपलाच चाललाय."

झोपाळा कुरकुरत होता.

"आणि वाटायचं हो," मानसिंगराव म्हणाले. "लग्न होईपर्यंत मला वाटायचं, तो न्यायमंदिरावरचा झगमगाट आपल्यासाठी आहे!"

दीनानाथरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मग ते एकदम उठले. "बस नाही. द्वारका नाही. तो निरोप माझा होता, सरकारचा नव्हता. मला माफ करा. पण उद्या सकाळी दहाला सगळ्यांनी या."

"बग्गी आहे ना?" प्रतापसिंहरावांनी विचारलं.

"आहे. एक."

एक मेला सकाळी ती एक बग्गी फाटकाशी उभी राहिली. बसायची ठरलेली माणसं एक, चढलेली माणसं सात. घोड्यानं मागे वळून बघितलं, मोजलं असावं, आणि तो जागचा हलेचना. चुचकारून झालं, गूळ दाखवून झाला. तेवढ्यात बँडवाल्यांनी झांज वाजवली. घोडा हलला तो मागे! सहाजण टपाटप खाली उतरले, फक्त उदयसिंहराव वर राहिले, कारण घरूनच घालून आलेली त्यांची पगडी टपात अडकली होती. अखेर गाडीवानानं घोडा सोडून झाडाला बांधला आणि बारा जुळ्यांनी तेराव्याला बग्गीसकट ढकलत मांडवात आणलं. गॅलऱ्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. सोसायटीला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग!

किरीटभाई धावत आले. "टेंबेसाहेब, आ बधा, हे सगळे कोण?"

"भाऊबहीण," दीनानाथराव म्हणाले आणि माइकपाशी गेले.

त्यांनी सगळं सांगितलं. दाखले, संक्रांत, नागपंचमी, लक्ष्मीपूजन. बातमीतलं राज्याच्या जुळ्या भावाचं वाक्य खोटं आहे आणि ते आपण दिलं, हेही सांगितलं. आणि मग कुसुमावतीबाईंच्या आईचं आणि मास्तरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आता काकडी उडणार की टोमॅटो, असा विचार दीनानाथराव करत होते, तोच पहिल्या रांगेतले किरीटभाई उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांचे डोळे ओले होते. "मारी बा पण आवुंज केहती'ती," ते नाक पुसत म्हणाले. "माझी आईपण असंच सांगायची. माझी तारीख मास्तरांनीच घातली होती. एक जून. फार साधे मास्तर भेटले मला!"

हशा पिकला. पेढे वाटले गेले. शाल एकच होती आणि उदयसिंहरावांनीच ती मानानं दीनानाथरावांच्या खांद्यावर घातली. "मास्तरांच्या मुलाला," ते म्हणाले. मे महिन्याच्या उन्हात लोकरीची शाल! पण दीनानाथरावांना ती काढावीशी वाटेना. बापानं खोटं लिहिलं खरं, पण काय सुरेख खोटं!

तेवढ्यात मानसिंगरावांनी पेढा खात सहज विचारलं, "पण टेंबेसाहेब, मास्तरांनी तुमची कोणती लिहिली?"

"माझी? माझा जन्म सव्वीस जानेवारीचा!" दीनानाथराव छाती काढून म्हणाले.

माइक चालूच होता. सगळ्या मांडवानं ते ऐकलं.

"आणि तुमच्या भावंडांचा?" कुसुमावतीबाईंनी हळूच विचारलं.

"बहिणीचा पंधरा ऑग..." दीनानाथराव थबकले. त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याचा दोन ऑक्टोबर, हे त्यांना आठवलं. ते त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण पहिल्या रांगेपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळा मांडव पोट धरून हसायला लागला. उदयसिंहरावांच्या मिशासुद्धा हलल्या!

आणि दीनानाथराव उभ्या उभ्या विचार करत होते, मग मी जन्मलो कधी? पाऊस होता का? फटाके होते का? कुणाला विचारायचं? बाबा नाहीत, आई नाही. सत्तर वर्षांचा माणूस, आणि आपलं वय किती हे आता त्याला कुणी सांगू शकत नव्हतं!

एक व्यक्ती मात्र हसत नव्हती. अहल्याबाई दुसऱ्या रांगेत बोटांवर काहीतरी मोजत होत्या. त्या उठल्या, स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, लग्नाच्या वेळी तुमची मूळ पत्रिका सापडेना. तेव्हा सासूबाईंनी शाळेच्या दाखल्यावरून नवी करून घेतली होती ना?"

"हो..."

"मग माझे बत्तीस गुण जुळले ते कुणाशी?"