अंतरपाटाला शंभर गुण

एका जंगलात, बाळांनो, घरोघरी पडदे लागले होते. गुहेत पडदा, बिळात पडदा. पलीकडच्या रानात काही घडलं, की ते इथे बसल्या बसल्या दिसायचं.

चित्र नीट जातंय का, हे हिराबाई ससाणी बघायची. "अहो, चेहरे पुसट येतायत!" असं ती ओरडली, की टिकोजी माकड वायरी हलवायचा.

पण हिराबाईला रोज दुपारी भूक लागायची. म्हणून टिकोजीने एक यंत्र आणलं. यंत्राला भूक नव्हती. ते चित्र बघून आपोआप गुण द्यायचं. चित्रात चौकोन उठले, गुण कापले. चित्र थरथरलं, गुण कापले. हिराबाईला घरी बसवलं.

पुढे गजाबापू हत्तींच्या सोनकळीचं लग्न निघालं. नवऱ्यामुलाची आजी गोदाक्का लांब डोंगरावर राहायची. पाय सुजलेले, येणं शक्य नव्हतं. ती सकाळपासून पडद्यासमोर बसली.

मुहूर्त आला. मधे पांढराशुभ्र अंतरपाट धरला. यंत्र म्हणालं, "शंभर!"

बगळेगुरुजींनी पहिलं "सावधान" म्हटलं. पाचशे प्राण्यांनी अक्षता उधळल्या. यंत्र म्हणालं, "एकोणीस."

"अक्षता मुठीत धरा!" टिकोजी किंचाळला. "एकेक दाणा गुण खातोय!"

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली आला. सोनकळी लाजून हलली. "बेचाळीस."

"अंतरपाट वर!"

हिराबाई झाडावरून म्हणाली, "अरे, नवरी दिसत नाहीये!"

"नवरी हलते, बाई," टिकोजी म्हणाला. "कापड हलत नाही."

गजाबापूंनी आकडा बघितला. "शंभर म्हणजे शंभर," ते म्हणाले. "वरच धरा."

नवरामुलगा दंतोजी याने अंतरपाटावरून सोंड नेली आणि अंदाजाने माळ घातली. ती बगळेगुरुजींच्या गळ्यात पडली. गुरुजी माळेत दिसेनासे झाले.

तेव्हा मात्र सोनकळीने दंतोजीची सोंड धरली आणि त्याला जांभळीमागे नेलं. तिथे दोघांनी एकमेकांना माळा घातल्या. बघायला फक्त हिराबाई होती. ती पोटभर रडली.

इकडे पडद्यावर दोन तास अंतरपाट दिसला. टिकोजीला शाल आणि नारळ मिळाला.

डोंगरावर गोदाक्काने डोळे पुसले. "नातसून गोरीपान आहे हो," ती शेजारणीला म्हणाली. "जरा अबोल वाटते, एवढंच."

तात्पर्य : चित्र उत्तम यायला हवं असेल, तर त्यात काही घडू देऊ नये.